क्लोरीन-निर्मितीचे समीकरण : एक ऐतिहासिक विचार

प्रयोगशाळेत क्लोरीन तयार करण्याची जी कृती पाठ्यपुस्तकांतून शिकविली जाते, ती सुमारे अडीचशे वर्षांची जुनी आहे. मँगॅनीज डाय-ऑक्साइडाची काळी पूड संहत हायड्रोक्लोरिक अम्लात घालून तापविली की हिरवट पिवळ्या रंगाचा, घसा घुसमटविणारा वायू बाहेर पडतो. ही विक्रिया समीकरणाच्या रूपात पुढीलप्रमाणे मांडतात :

मँगॅनीज डाय-ऑक्साइड (१ रेणू) + हायड्रोक्लोरिक अम्ल (४ रेणू) → मँगॅनीज क्लोराइड (१ रेणू) + क्लोरीन (१ रेणू) + पाणी (२ रेणू)

दोन्ही बाजूंकडील अणूंची संख्या सारखी करणे हे विद्यार्थ्याला अंकगणिताचे एक लहानसे उदाहरण वाटते, आणि तसे वाटण्यात त्याचा दोष नाही. पण या समीकरणाचा इतिहास पाहिला असता एक विलक्षण गोष्ट आढळते. ही एकच विक्रिया रसायनशास्त्रज्ञांनी क्रमाने तीन निरनिराळ्या भाषांत सांगितली. तिन्ही भाषांत तिचा जमाखर्च सांगता येत होता. त्यांपैकी एका भाषेत तर ज्या मूलद्रव्याच्या आधारावर सगळा हिशेब उभा होता, ते मूलद्रव्य सृष्टीत अस्तित्वातच नव्हते. तेव्हा समीकरणाचा ताळा जमतो याचा अर्थ नेमके काय सिद्ध होते, हा प्रश्न अंकगणितापुरता राहत नाही.

कार्ल विल्हेल्म शेले या औषधविक्रेत्याने १७७४ मध्ये स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात ‘ब्रूनस्टेन’ या खनिजाविषयी निबंध प्रसिद्ध केला. काचेचा रंग घालविण्यासाठी काचकामगार हे खनिज पूर्वीपासून वापरीत असत. शेलेने ते मिठाच्या अम्लात तापविले, तेव्हा तापलेल्या अम्लराजाच्या वासासारखा उग्र वास सुटला व पिवळसर वायू मिळाला. या वायूने लिटमसचा व फुलांचा रंग उडतो, धातू त्याने खाल्ले जातात आणि पाण्यात तो फारसा विरघळत नाही, इतक्या गोष्टी त्याने नोंदविल्या. स्पष्टीकरण अर्थातच त्या काळी सर्वमान्य असलेल्या फ्लॉजिस्टनवादाच्या परिभाषेत होते. ब्रूनस्टेनला फ्लॉजिस्टनची ओढ आहे. ते अम्लातील फ्लॉजिस्टन काढून घेते. उरतो तो ‘फ्लॉजिस्टनरहित मिठाचा अम्ल’. शेलेला आपण नवे मूलद्रव्य हाती घेतले आहे असे वाटले नाही, आणि त्याच्या भाषेत तसे म्हणण्याला जागाही नव्हती.

फ्लॉजिस्टन ही कल्पना पुढे हास्यास्पद ठरली. तथापि शेलेच्या विधानाची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. अम्ल काहीतरी गमावते, मँगॅनीजचे खनिज तेच काहीतरी मिळविते, आणि गमावल्यानंतर जे उरते तो हा वायू, एवढेच तो सांगतो. त्या ‘काहीतरी’च्या जागी हायड्रोजन घातला तर विधान खरे ठरते, इलेक्ट्रॉन घातला तर अधिकच खरे ठरते. स्वतः हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये शेलेचे मत हे वस्तुस्थितीचे वर्णन मानता येईल, पण फ्रेंच पंथाचे मोहक वाटणारे मत मात्र केवळ गृहीतावर उभे आहे, असा अभिप्राय दिला होता. नव्या विचाराने जुन्यापेक्षाही जुन्याला इतके मोठेपण दिल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत.

फ्रेंच पंथाची भाषा घडली ती आंत्वान लव्हॉयझिएच्या हातून. लव्हॉयझिए हा सरकारी कर वसूल करणाऱ्या मंडळाचा भागीदार होता. हिशेबाच्या वह्या आणि प्रयोगशाळेतील तराजू या दोहोंमध्ये त्याची दृष्टी एकच होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १७८९ च्या आपल्या ग्रंथात आंबण्याच्या क्रियेचे विवेचन करताना त्याने द्राक्षरस एका बाजूला आणि कार्बॉनिक अम्ल व मद्यार्क दुसऱ्या बाजूला मांडून मध्ये बरोबरीचे चिन्ह घातले. क्रियेच्या आधी जेवढे द्रव्य तेवढेच क्रियेनंतर, हे तत्त्व त्या चिन्हात सामावले होते. जमा आणि नावे या दोन रकान्यांची मेळ घालण्याची रीत अशा प्रकारे रसायनशास्त्रात आली.

पण त्याच लव्हॉयझिएने आणखीही एक गोष्ट रूढ केली. प्रत्येक अम्लात एक समान घटक असतो असे त्याचे मत होते, आणि त्या घटकाला त्याने ग्रीक धातूंवरून ‘ऑक्सिजन’, म्हणजे अम्लजनक, हे नाव दिले. येथे नाव हे केवळ खूण राहिले नाही. ते एक सिद्धान्तवाक्य झाले. मिठाच्या अम्लातून ऑक्सिजन कोणीही काढून दाखविला नव्हता, पण नावाच्या व्युत्पत्तीनेच तो तेथे असला पाहिजे असे ठरले. १७८५ मध्ये क्लोद बर्तोलेने शेलेच्या वायूचे पाण्यातील द्रावण उन्हात ठेवले. त्यातून ऑक्सिजन निघाला व मागे मिठाचे अम्ल राहिले. यावरून त्याने निष्कर्ष काढला की, शेलेचा वायू म्हणजे मिठाचे अम्ल अधिक ऑक्सिजन. १७८७ मध्ये गितों द मॉर्व्हो, लव्हॉयझिए, बर्तोले व फुर्क्र्वा या चौघांनी जी नवी रासायनिक परिभाषा प्रसिद्ध केली, तीत या वायूचे नाव ‘ऑक्सिजनयुक्त म्यूरिॲटिक अम्ल’ असे मुक्रर झाले. पुढे ते ‘ऑक्सिम्यूरिॲटिक अम्ल’ असे आखूड झाले. कापड पांढरे करण्याच्या धंद्यात हा वायू लवकरच शिरला, १७९९ मध्ये टेनंटने विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले, आणि नावही त्याबरोबर कारखान्यांत पसरले.

हा सिद्धान्त चुकीचा होता हे आज सर्वांना ठाऊक आहे. तो किती सुसंगत होता हे मात्र क्वचितच सांगितले जाते. मिठाच्या अम्लात ऑक्सिजनखेरीज जो अज्ञात घटक असावयास हवा, त्याला कोणी म्यूरियम म्हणत, कोणी आणखी काही. स्वीडनचा बर्झेलियस, ज्याने १८१३–१४ मध्ये मूलद्रव्यांना अक्षरचिन्हे देऊन आजच्या सूत्रलेखनाचा पाया घातला, तो या मताचा सर्वांत चिवट पुरस्कर्ता होता. त्याच्या अणुभारांच्या कोष्टकात या कधीही हाती न आलेल्या मूलाला स्थान होते. या मूलाला येथे ‘मू’ म्हणू आणि आजच्या अणुभारांवर त्याचा हिशेब मांडून पाहू. ज्याला आज क्लोरीनचा एक रेणू म्हणतात, तो या भाषेत १ मू व ३ ऑक्सिजन यांचा संयोग होय. क्लोरीनच्या रेणूचा भार ७१. त्यातून तीन ऑक्सिजन अणूंचे ४८ वजा केले की मूचा भार २३ उरतो. निर्जल म्यूरिॲटिक अम्ल म्हणजे १ मू व २ ऑक्सिजन. आणि आजच्या हायड्रोक्लोरिक अम्लाचे दोन रेणू म्हणजे हे निर्जल अम्ल अधिक पाण्याचा एक रेणू. आता शेलेची विक्रिया या भाषेत पुढीलप्रमाणे येते :

मँगॅनीज डाय-ऑक्साइड (१) + सजल म्यूरिॲटिक अम्ल (२) → मँगॅनीज मोनॉक्साइडाचे म्यूरिएट (१) + ऑक्सिम्यूरिॲटिक अम्ल (१) + पाणी (२)

ताळा करून पाहावा. डावीकडे मँगॅनीज १, मू २, पाणी २, आणि पाण्याबाहेरचे ऑक्सिजन ६. उजवीकडे मँगॅनीज १, मू २, पाणी २. ऑक्सिजन मोनॉक्साइडातील १, त्याच्याशी जोडलेल्या अम्लातील २ व ऑक्सिम्यूरिॲटिक अम्लातील ३, मिळून ६. कोठेही एक अणू कमी-जास्त नाही. शिवाय हे वर्णन समजण्यासही सोपे आहे : काळ्या खनिजाने आपला एक ऑक्सिजन अम्लाला दिला, त्यामुळे अम्लाचा एक भाग ऑक्सिजनयुक्त झाला, उरलेल्या भागाने मँगॅनीजशी लवण बनविले.

बर्तोलेचाच दुसरा शोध घेतला तर मौज अधिक वाढते. शेलेचा वायू दाहक पोटॅशच्या उष्ण द्रावणात सोडला असता दोन लवणे मिळतात : एक पोटॅशियम क्लोराइड, दुसरे पोटॅशियम क्लोरेट. पहिल्याचे रेणू पाच तर दुसऱ्याचा एक. एकच द्रव्य येथे देणारेही होते व घेणारेही होते, आणि म्हणूनच या समीकरणाचा तोल साधताना विद्यार्थी गोंधळतात. मूच्या भाषेत हा गोंधळ मुळीच नाही. सहा मू, प्रत्येकाजवळ तीन ऑक्सिजन, एकूण अठरा. पाच मूंनी एकेक ऑक्सिजन सहाव्याला दिला. पाचांजवळ दोन-दोन उरले, सहाव्याजवळ आठ झाले. पाच दुणे दहा व आठ, अठरा. पाचास एक हे गुणोत्तर आपोआप येते, आणि प्रयोगही तेच सांगतो.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. अस्तित्वात नसलेले मूलद्रव्य घेऊन केलेला हिशेब चुकत का नाही? कारण उघड आहे. क्लोरीनच्या प्रत्येक रेणूच्या जागी ‘एक मू व तीन ऑक्सिजन’ ही संज्ञा सर्वत्र सारखीच घातली, तर समीकरणाच्या दोन्ही बाजूंत सारखाच बदल होतो. भाषांतर सुसंगत असले की मूळ वाक्याचे व्याकरण बिघडत नाही. समीकरणाचा तोल हा फरकांचा तोल असतो. कोणते द्रव्य मूलद्रव्य आणि कोणते संयुग, याविषयी तो काहीच बोलत नाही.

मग निकाल लागला तो कशाने? तो लागला कोळशाने. १८०९ मध्ये गे-ल्युसॅक व थेनार यांनी कोरडा ऑक्सिम्यूरिॲटिक वायू तांबडालाल तापलेल्या लोणारी कोळशावरून नेला. त्या वायूत ऑक्सिजन असता तर तो कोळशाला मिळून कार्बॉनिक अम्लवायू बनावयास हवा होता. तो बनला नाही. पाण्याचा अंश नसेल तेथे या वायूतून ऑक्सिजन मिळत नाही, हेही त्यांना दिसले. हा वायू मूलद्रव्य मानता येईल असे त्यांनी स्पष्ट लिहिले, आणि तरीही जुने मतच अधिक ग्राह्य मानले. विद्वानांच्या धैर्याची मर्यादा कोठे असते हे या एका वाक्यावरून समजते. डेव्हीने विद्युत्-घटमालेच्या साहाय्याने कोळसा शुभ्र होईपर्यंत तापवून तोच अनुभव घेतला आणि १२ जुलै १८१० रोजी रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात या वायूत ऑक्सिजन असल्याचा पुरावा नाही असे प्रतिपादन केले. बर्तोलेला उन्हात मिळालेला ऑक्सिजन वायूचा नव्हता, पाण्याचा होता. जमाखर्च तोच, फक्त एक रक्कम भलत्याच खात्यावर पडली होती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील निबंधात डेव्हीने नवे नाव सुचविले : क्लोरीन. ग्रीक भाषेतील पिवळट हिरवा या अर्थाच्या शब्दावरून ते घेतले आहे. हे नाव निवडण्यामागचे धोरण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे असे आहे. ऑक्सिजन या नावाने काय घडले ते डेव्हीसमोर होते; म्हणून त्याने ज्यात कोणताही सिद्धान्त गोवलेला नाही, जे केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या गुणावरून पडले आहे, असे नाव घेतले. मते पालटली तरी नाव पालटावे लागू नये, हा त्यातील हेतू. तो सफलही झाला. ऑक्सिजन मात्र आजही व्युत्पत्तीने अम्लजनकच आहे. या बाबतीत मराठीतील ‘प्राणवायू’ हा शब्द अधिक निर्दोष म्हटला पाहिजे. निदान लव्हॉयझिएच्या चुकीचे ओझे तो वाहत नाही.

बर्झेलियस मात्र आणखी काही वर्षे अडून राहिला. आयोडीनचा शोध लागला, त्याचे अम्लही ऑक्सिजनाविना बनते हे दिसून आले, १८१५ मध्ये गे-ल्युसॅकने प्रुसिक अम्लात ऑक्सिजन नसल्याचे दाखविले, तेव्हा कोठे १८२० च्या सुमारास त्याचा विरोध मावळला. त्याच्याकडे १८२३–२४ मध्ये शिकावयास राहिलेल्या व्होलरने एक आठवण नमूद केली आहे. स्वयंपाकीण ॲना एक भांडे विसळीत असता म्हणाली की, याला ऑक्सिम्यूरिॲटिक अम्लाचा वास येतो. त्यावर बर्झेलियस तिला म्हणाला की, आता तसे म्हणावयाचे नाही, क्लोरीन म्हणावयाचे, ते अधिक चांगले. व्होलरला ते ऐकून आश्चर्य वाटले. दहा वर्षांच्या वादाचा शेवट शास्त्रीय नियतकालिकापेक्षा स्वयंपाकघरात अधिक स्पष्टपणे उच्चारला गेला असे दिसते.

आता समीकरणातील ४ या सहगुणकाकडे वळले पाहिजे, कारण पुढील अर्धशतकात त्याला निव्वळ व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले. अम्लाच्या चार रेणूंपैकी दोनच रेणूंतील क्लोरीन वायुरूपाने बाहेर पडते. उरलेल्या दोहोंतील क्लोरीन मँगॅनीजबरोबर लवणात अडकते. एकच अम्ल निम्म्या भागाने क्षपणकाचे व निम्म्या भागाने केवळ अम्लाचे काम करते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत २ च्या ऐवजी ४ लिहिण्याचे कारण एवढेच. पण कारखानदाराच्या दृष्टीने याचा अर्थ निम्मा माल वाया जाणे असा होता. इंग्लंडमधील लेब्लाँ पद्धतीच्या सोड्याच्या कारखान्यांतून मिठाच्या अम्लाचे लोट हवेत सोडले जात. १८६३ च्या कायद्याने त्यातील ९५ टक्के अम्ल पकडून ठेवणे बंधनकारक झाले. या अम्लापासून क्लोरीन करणे हा त्याचा विनियोग. १८६६ पासून वॉल्टर वेल्डनने वाया जाणाऱ्या द्रावणात चुना घालून व हवा फुंकून मँगॅनीज परत मिळविण्याची पद्धत बसविली, पण त्याच्याशी बांधलेले क्लोरीन चुन्याबरोबर निघून जाई. १८६८ मध्ये हेन्री डीकनने मँगॅनीजलाच फाटा दिला आणि तांब्याच्या क्लोराइडाच्या उत्प्रेरणेने हवेतील ऑक्सिजनच अम्लावर सोडला. तेथेही समीकरणात अम्लाचे रेणू चारच येतात, पण त्यांतून क्लोरीनचे रेणू दोन निघतात. म्हणजे निदान कागदावर काहीच अडकून राहत नाही. प्रत्यक्षात विक्रिया उलटही जात असल्याने सगळे अम्ल संपत नसे, हा भाग निराळा.

तोल साधण्याच्या रीतीचा स्वतंत्र विचार याच सुमारास सुरू झाला. जेम्स बॉटमलीने १८७८ मध्ये प्रत्येक सहगुणक अज्ञात राशी मानून बीजगणिताने सोडविण्याची पद्धत सुचविली. १८८० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या ओटिस जॉन्सनने प्रत्येक अणूला धन वा ऋण बंधांची संख्या देऊन, ऑक्सिडीकरणात वाढलेल्या व क्षपणात घटलेल्या बंधांची बरोबरी करण्याचा नियम मांडला. आजच्या ऑक्सिडीकरणांकाचे हे पूर्वरूप होय.

बीजगणिताची पद्धत निर्दोष आहे, पण ती आंधळी आहे, आणि याचे उदाहरण क्लोरीननेच पुरविले आहे. पोटॅशियम क्लोरेट व हायड्रोक्लोरिक अम्ल यांपासून क्लोरीन व क्लोरीन डाय-ऑक्साइड हे दोन्ही वायू निघतात. येथे क्लोरेटचे २ व अम्लाचे ४ रेणू घेतले तर समीकरण जमते. क्लोरेटचे ३ व अम्लाचे १० घेतले तरी जमते. अशा जोड्या हव्या तितक्या लिहिता येतात, कारण वस्तुतः दोन विक्रिया एकाच वेळी चालू असतात. डेव्हीने १८११ मध्ये हे मिश्रण एकच संयुग समजून त्याला युक्लोरीन हे नावही देऊन टाकले होते. नावांच्या बाबतीत इतका सावध असलेला मनुष्यही येथे फसला.

१८९७ मध्ये जे. जे. टॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवून दिल्यानंतर तिसरी भाषा आली. तोपर्यंत मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन काढण्याचे कारखाने सुरू झालेच होते, आणि त्या घटांत मँगॅनीज नव्हते व बाहेरून दिलेला ऑक्सिजनही नव्हता. क्लोराइड आयन आपला इलेक्ट्रॉन थेट धनाग्राला देत होता. मग शेलेच्या विक्रियेचेही तसेच दोन भाग पाडता आले : क्लोराइडाचे दोन आयन दोन इलेक्ट्रॉन गमावून क्लोरीनचा रेणू होतात, मँगॅनीज ते दोन इलेक्ट्रॉन घेऊन चारावरून दोनावर येते व त्यासाठी अम्लाचे चार हायड्रोजन आयन खर्ची पडून पाणी बनते. १९२७ मध्ये जेट व लामेर यांनी या अर्ध-विक्रियांची पद्धत अध्यापनासाठी व्यवस्थित मांडली.

या तिसऱ्या भाषेत क्लोराइडातील क्लोरीनचा ऑक्सिडीकरणांक वजा १, मुक्त क्लोरीनचा शून्य, हायपोक्लोराइटातील अधिक १, क्लोरेटातील अधिक ५. मूच्या भाषेत याच चार अवस्थांतील ऑक्सिजनची संख्या क्रमाने २, ३, ४ व ८. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या संख्येतून ३ वजा केले की पहिली संख्या मिळते. एकूण शिडी तीच, पायऱ्यांमधील अंतरे तीच. डेव्हीने केले ते एवढेच की, शून्याची खूण तीन पायऱ्या वर सरकवून ती मुक्त वायूवर ठेवली. तोलासाठी लागणारी अंतरे फ्रेंच पंथाने आधीच बरोबर मोजली होती. हा योगायोग नव्हे. ऑक्सिजनचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉनांचा धनी मानला जातो, मूमध्ये क्लोरीनचे अणू दोन, त्यामुळे ऑक्सिजन मोजणे आणि प्रत्येक क्लोरीन अणूमागे इलेक्ट्रॉन मोजणे ही एकाच मापाची दोन नावे ठरतात. ‘ऑक्सिडीकरण’ हा शब्द ऑक्सिजनाविना घडणाऱ्या क्रियेलाही का चिकटून राहिला, याचे उत्तरही बहुधा येथेच आहे : वस्तू गेली, पण तिची मोजपट्टी राहिली.

दुसऱ्या शब्दाची कथा याहून निराळी आहे. युरोपीय भाषांतील ‘रिडक्शन’ लॅटिनमधील ‘परत नेणे’ या अर्थाच्या धातूपासून आले. भस्म झालेल्या धातूला पुन्हा मूळ रूपात नेणे हा त्याचा धातुकारांचा अर्थ. मराठी परिभाषेने त्यासाठी ‘क्षपण’ हा शब्द घेतला. संस्कृतात त्याचा अर्थ क्षीण करणे, घटविणे असा आहे. म्हणजे भाषांतर झाले ते युरोपीय शब्दाच्या मूळ अर्थाचे नव्हे, तर त्याच्या नंतरच्या व्यावहारिक अर्थाचे. शब्दशुद्धीच्या दृष्टीने हा दोष म्हणता येईल. पण शेलेच्या विक्रियेत मँगॅनीज धातुरूपाला परत जात नाही. त्याचा अंक मात्र चारावरून दोनावर घटतो. लॅटिन शब्दाला जो अर्थ नव्याने शिकावा लागला, तो मराठी शब्दात सुरुवातीपासूनच होता. ‘ऑक्सिडीकरण’ या शब्दाला मात्र असा आधार सापडत नाही. रघुवीरांनी त्यासाठी रसशास्त्रातील ‘जारण’ ही संज्ञा व ऑक्सिजनसाठी ‘जारक’ हा शब्द योजिला होता; मराठी वर्गांत ते रुळले नाहीत, आणि क्लोराइड आयनापासून क्लोरीन बनण्याच्या क्रियेला विद्यार्थी आजही अम्लजनकाच्याच नावाने ओळखतात.